शाकारणी

पावसाळा ओसरला, की आमच्या कार्यालयात घराच्या आशीर्वादाची निमंत्रणे येऊ लागतात. नवे घर घेतलेले कुटुंब येते, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवते आणि म्हणते, "फादर, रविवारी संध्याकाळी याल ना?" ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात सेवा करताना अशा किती पायऱ्या चढलो, याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. आपल्या लोकांचे 'नवे' घर बहुधा जुनेच असते. तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, जिन्यात सायकली आणि दाराशी चपलांचा ढीग. आत मात्र ताजा रंग, पेटलेल्या मेणबत्त्या आणि स्वयंपाकघरातून येणारा तळणीचा वास. आम्ही प्रार्थना म्हणतो, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडतो, दोन घास खातो आणि परततो.

२०२३ च्या ऑक्टोबरात असेच एक दांपत्य आले. त्यांचा विवाह आम्हीच लावला होता. तो डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला, ती ठाण्याच्या एका रुग्णालयात परिचारिका. लग्नाला नऊ वर्षे झाली होती, दोन मुले झाली होती आणि अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चार घरे बदलून झाली होती. दर वेळी मुलांची पुस्तके, भांडी आणि आल्तारावरची तसबीर टेम्पोत भरायची आणि नव्या घरमालकाचा स्वभाव नव्याने ओळखायचा. आता डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची सदनिका त्यांनी पसंत केली होती. इमारत १९८६ सालची होती. तिच्या सासूबाईंच्या पाटल्या मोडून इसार दिला होता, त्याच्या भविष्य निर्वाह निधीतून काही रक्कम काढायची होती आणि उरलेले कर्ज. आमचा सल्ला विचारायला ते आले नव्हते. त्यांना केवळ आशीर्वादाची तारीख हवी होती.

आम्ही डायरी उघडली. पण तारीख लिहिण्यास हात धजेना. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती आम्ही आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी याच पट्ट्यातील एका जुन्या इमारतीत आम्ही घराचा आशीर्वाद करण्यास गेलो होतो. गाव आणि कुटुंब यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. घरचे वडील नुकतेच निवृत्त झाले होते आणि मिळालेली सर्व पुंजी त्यांनी त्या घरात घातली होती. बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लावली होती. पण नेहमीप्रमाणे समोरच्या भिंतीवर नव्हे, खिडकीखालच्या कोपऱ्यात, लहान मुलाच्या उंचीवर. चौकटीच्या कडेने हिरवट-काळसर ओल पसरलेली दिसत होती. तसबीर तेथे का लावली आहे, हे आम्ही क्षणात ओळखले. आणि आम्ही काहीही बोललो नाही. आनंदाचा दिवस, पाहुणे जमलेले. भिंतीची चौकशी करणे हे काही धर्मगुरूचे काम नव्हे, अशी मनाची समजूत घातली. त्या ओलीवरही पवित्र पाण्याचे चार थेंब उडाले.

आठ वर्षांनी, भर जुलैत, त्या इमारतीच्या दारावर 'अतिधोकादायक' अशी नोटीस लागली. पावसात बोचकी बाहेर आली. ते कुटुंब काही रात्री आमच्या शाळेच्या सभागृहात झोपले आणि नंतर बदलापूरला भाड्याने राहावयास गेले. वडील तेथेच वारले. त्यांच्या पत्नीला भेटावयास गेलो असता त्या माउलीने शांतपणे विचारले, "फादर, तसबीर तिथे का लावली होती, ते तुम्ही त्याच दिवशी ओळखलं होतं ना?" आम्ही होय म्हणालो. त्या म्हणाल्या, "मलाही ठाऊक होतं. पण एकदा आशीर्वाद झाला म्हणजे सगळं बरं होईल, असं वाटलं."

त्या रात्री आम्ही लेवीय ग्रंथाचा १४ वा अध्याय काढून वाचला. सेमिनरीत असताना हा अध्याय आम्ही भराभर उलटून गेलो होतो. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले, तर घरधन्याने याजकाकडे जाऊन सांगावे, अशी तेथे आज्ञा आहे. याजकाने आधी घर रिकामे करवून घ्यावे, मग आत जाऊन भिंत पाहावी, घर सात दिवस बंद ठेवावे आणि सातव्या दिवशी पुन्हा येऊन पाहावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून टाकावेत, गिलावा खरवडावा, नवे दगड बसवावेत. एवढे करूनही चट्टा परतला तर घर पाडावे. आणि तो परतला नाही, तरच शुद्धीचा विधी करून घरावर सात वेळा शिंपडावे. म्हणजे शिंपडणे सर्वांत शेवटी! त्याआधी पाहणे, थांबणे आणि दुरुस्त करणे. आम्ही मात्र आयुष्यभर शेवटच्या कृतीपासूनच आरंभ करीत आलो होतो.

म्हणून त्या दांपत्याला आम्ही म्हणालो, "तारीख मागाहून देऊ. आधी घर पाहू."

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत. त्यांना बरोबर घेतले. इमारतीपाशी पोहोचल्यावर हे गृहस्थ वर जाण्याऐवजी जिन्याखाली शिरले आणि विजेरीच्या उजेडात खांबांचे पाय पाहू लागले. तेथून थेट गच्चीवर गेले. पाण्याची टाकी पाहिली, उतार पाहिला, मग मागच्या बाजूला जाऊन संडास-मोऱ्यांचे नळ जेथून उतरतात ती अरुंद बोळकांडी पाहिली. ती बिचारी म्हणाली, "अंकल, घर बघायला आलो आणि तुम्ही घरात येतच नाही!" ते म्हणाले, "घर शेवटी, बाळ. आधी ज्याच्यावर घर उभं आहे, ते बघू."

मग त्यांनी आम्हा सर्वांना समजावून दिले. १९७० आणि १९८० च्या दशकांत गिरगाव, दादर, परळ येथील चाळींत न मावणारी कुटुंबे लोकलच्या आधाराने डोंबिवली-कल्याणकडे सरकली आणि येथे घाईघाईने इमारती उभ्या राहिल्या. कल्याण आणि डोंबिवली मिळून महानगरपालिका झाली ती १ ऑक्टोबर १९८३ रोजी. ठाण्याची त्याच्या एक वर्ष आधी. त्या काळी पुष्कळ बांधकामांत खाडीची रेती वापरली गेली. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नसेल तर तिच्यातील क्षार काँक्रीटमध्ये राहतो. वरून दरवर्षीचा चार महिन्यांचा पाऊस मुरतो, गच्चीतून आणि मोरीतून पाणी झिरपते आणि आतली लोखंडी सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो फुगला, की बाहेरचे काँक्रीट फुटते. प्रथम केसासारखी रेघ, मग पोपडा, मग उघडी पडलेली तांबूस सळई. "रंगारी रेघ बुजवतो," ते म्हणाले, "सळई नाही बुजवत."

इमारती पडतात तेव्हा वर्तमानपत्रांतून केवळ आकडे उरतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले. २०१५ च्या २८ जुलैला ठाकुर्लीत ९ आणि एका आठवड्याने, ४ ऑगस्टला, ठाण्यात नौपाड्याच्या बी केबिन भागात १२. आणि २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि ६ जण गेले. या शेवटच्या घटनेने आम्हांस फार अस्वस्थ केले. ज्या मजल्यावर काम चालले होते त्याच्या खाली राहणाऱ्यांना त्या फरशीशी काय कर्तव्य होते? पण सदनिकेत आपली फरशी हे दुसऱ्याचे छत असते.

त्या दिवशी आम्ही वर गेलो तेव्हा घरमालकांनी चहा ठेवलेला होता. वयाची पंचाहत्तरी उलटलेले निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारी इमारत त्यांना गुरुजी म्हणत असे. तीन मजले चढणे पत्नीच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. दुसरा मजलाही आता तिसऱ्यासारखाच वाटतो, असे ते हसून म्हणाले. घर विकून नाशिकला मुलीजवळ जाण्याचा त्यांचा विचार होता. घर स्वच्छ, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. आम्ही इकडे-तिकडे पाहत होतो आणि आमची नजर स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीवरील कालनिर्णयावर गेली. ते जरा खालीच लावलेले होते.

या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. "गुरुजी, त्या कालनिर्णयामागे काय आहे?" असे आम्ही विचारले. विचारताना आमचा आवाज कापत होता, कारण समोरच्या वृद्धाचे पुढचे आयुष्यही याच भिंतींच्या किमतीवर अवलंबून होते. सत्य एका कुटुंबाला वाचवते आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या पुंजीला कात्री लावते, हे आम्हांला दिसत होते.

गुरुजी उठले. त्यांनी कालनिर्णय खिळ्यावरून काढले. मागे ताटाएवढी ओल होती आणि तिच्या मधोमध एक आडवी भेग. ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नसतं तर मी दाखवलं नसतं, हे खोटं कशाला बोलू? पण विचारलंत, आता लपवणार नाही. वरच्या मोरीचं पाणी आहे. सहा वर्षं झाली. मीटिंगमध्ये दर वर्षी सांगतो, दर वर्षी पुढच्या वर्षावर जातं."

"पुढच्या वर्षावर जातं" हे शब्द ऐकून आम्हांला वसईतील आमचे बालपण आठवले. आमच्या वडिलांचे घर कौलारू होते. मे महिना अर्धा सरला, की वाडीत शाकारणी सुरू होई. एकेका घराची कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहायचे आणि पुन्हा कौले चढवायची. हे काम एकट्याचे नव्हते. आज आमच्या घरी सगळी आळी, उद्या शेजाऱ्याच्या घरी. दुपारी सर्वांना एकत्र जेवण. विधवा बाईचे घर आधी शाकारले जाई, कारण तिच्याकडे माणसे कमी. पाऊस दारात उभा असे, म्हणून कोणी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणत नसे. एक पावसाळा चुकला तर वासा कुजतो, हे लहान मुलालाही ठाऊक होते.

वाडीतून, खेड्यांतून आपण शहरात आलो आणि सिमेंटच्या घरांत राहू लागलो. सिमेंटला शाकारणी लागत नाही, असा आपला समज झाला. वाडीतले घर आपल्या एकट्याचे होते, तरी त्याची निगा सर्व मिळून राखीत असू. येथे छत, जिना, खांब, टाकी आणि जमीन सर्वांची. पण निगा कोणाचीच नाही.

पुढच्या रविवारी संस्थेचे सचिव आम्हांला भेटले. बँकेतून निवृत्त झालेले, चोख गृहस्थ. ती परिचारिका वहीत प्रश्न लिहून घेऊन आली होती आणि त्यांनी एकही प्रश्न टाळला नाही. भागपत्र गुरुजींच्या नावे आहे. मूळचा करारनामा आणि त्यांनी ज्यांच्याकडून घर घेतले त्यांचाही करारनामा आहे. दोन्ही नोंदणीकृत आहेत. महापालिकेचा बांधकाम परवाना आणि भोगवटा दाखला आहे. गुरुजींची थकबाकी नाही. हस्तांतर शुल्क किती, असे तिने भीतभीत विचारले. ते म्हणाले, शासनाने २००१ साली घातलेली कमाल मर्यादा २५ हजार रुपयांची आहे. त्यावर देणगीच्या नावाखाली एक रुपयाही मागण्याचा संस्थेला अधिकार नाही.

मग अवघड प्रश्न आले. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी व्हावयास हवी. ती कधी झाली? सचिवांनी मान खाली घातली. एकदाही नाही. जमीन संस्थेच्या नावे झाली आहे का? नाही, बिल्डर कधीच आला नाही. वास्तविक २००८ सालापासून कायद्यात अशी सोय आहे, की बिल्डर टाळाटाळ करीत असेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे ज्याला व्यवहारात डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, ते करून घ्यावे. पण सोळा बिऱ्हाडांतून कागद गोळा करणार कोण? दलालाने या दांपत्याला सांगितले होते, की दोन वर्षांत पुनर्विकास होईल आणि दोन खोल्यांच्या तीन होतील. ज्या संस्थेच्या नावे अजून पायाखालची जमीन नाही, तिच्या पुनर्विकासाचे स्वप्न विकत घेण्यात काय अर्थ, हे तिला न सांगता उमगले.

आणि निधी? सचिवांनी कागदावर सोपा हिशेब मांडला. उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड जमा करावयाचा असतो. समजा, १९८६ साली एका सदनिकेचा बांधकाम खर्च एक लाख रुपये होता. त्याचे वर्षाला एक हजार रुपये होतात. ३७ वर्षांचे झाले ३७ हजार आणि व्याज. आज खांबांची दुरुस्ती काढली तर प्रत्येक बिऱ्हाडाला लाखाच्या वर जाते. नियम पाळूनही तोकडे पडते. न पाळणाऱ्यांचे काय होत असेल! "आम्ही महिन्याचा देखभाल खर्च कमी ठेवला, याचा आम्हांला अभिमान होता," ते म्हणाले. "आता कळतं, आम्ही पैसे वाचवत नव्हतो. इमारतच खर्चत होतो."

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत जपानहून आलेला एक तरुण आमच्या भेटीस आला. योकोहामाला संगणक क्षेत्रात नोकरीला असलेल्या या मुलाने तेथे जुन्या इमारतीत सदनिका घेतली होती. योगायोगाने ते दांपत्यही तेव्हा कार्यालयात बसले होते. मग गप्पा घरावरच वळल्या. तिकडे सिमेंटच्या साध्या इमारतीतील सदनिकेलाही 'मॅन्शन' म्हणतात, हे सांगताना तो हसत होता. तेथे जुने घर घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो तारखेचा. इमारतीच्या बांधकामाला मंजुरी १ जून १९८१ पूर्वीची की नंतरची? कारण त्या दिवसापासून भूकंपाला तोंड देण्याचे नवे, कडक नियम तेथे लागू झाले. दुसरा प्रश्न निधीचा. प्रत्येक बिऱ्हाड दरमहा दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम भरते. पुढच्या तीस वर्षांत गच्ची कधी, नळ कधी, बाहेरचा गिलावा कधी, याचा आराखडा आधीच केलेला असतो आणि साधारण बारा-पंधरा वर्षांनी सगळ्या इमारतीभोवती पराती बांधून मोठी दुरुस्ती काढतात. करारावर सही करण्यापूर्वी परवानाधारक दलालाने खरेदीदाराला महत्त्वाच्या गोष्टी समजावून सांगाव्यात, असे तेथे कायद्याने बंधन आहे. त्यात दुरुस्ती निधीत किती शिल्लक आणि किती थकबाकी, हेही येते. तिकडे घर घेणाऱ्याला जाणती माणसे बजावतात, की मॅन्शन घेताना आधी तिचे व्यवस्थापन विकत घ्या.

तिकडेही सर्व आलबेल आहे, असे नाही. इमारतीही म्हाताऱ्या होतात आणि त्यांतील माणसेही; निधी वाढवायचा म्हटले, की निवृत्तिवेतनावर जगणारे कळवळतात. इमारत पाडून पुन्हा बांधण्यास चार-पंचमांश मालकांची संमती लागे. ती मिळेना म्हणून २०२५ साली काही धोकादायक इमारतींपुरती ही अट सैल करणारा कायदा तेथे झाला. म्हणजे प्रश्न तोच. सोळा काय आणि एकशेसाठ काय, शेजाऱ्यांनी एका छताखाली बसून एका गोष्टीस 'हो' म्हणावयाचे.

ती परिचारिका हे सर्व लक्ष देऊन ऐकत होती. इसार परत मागून कुठे नव्या इमारतीत घर पाहावे, असा विचार तिच्या नवऱ्याच्या मनात घोळत होता. पण नवेपणा हीही खात्री नव्हे. खोटे परवाने दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण कल्याण-डोंबिवलीत २०२२ साली उघडकीस आले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांतील रहिवाशांनीही घरांसाठी आपापल्या आईच्या पाटल्या मोडल्या असतील. शेवटी ती म्हणाली, "फादर, इथली माणसं खोटं बोलली नाहीत. भिंत दुरुस्त होते."

आणि मग जे घडले त्याचे श्रेय तिचे आणि गुरुजींचे आहे. घर विकून जाणारा माणूस संस्थेच्या भानगडीत कशाला पडेल? परंतु २०२४ च्या जानेवारीत गुरुजींनी विशेष सभा बोलावण्यास सचिवांना भाग पाडले आणि तपासणीचा ठराव स्वतः मांडला. तपासणी झाली. जुन्या इमारतींचे जे वर्ग महापालिका ठरवतात त्यांपैकी 'सी-दोन-बी', म्हणजे घरे रिकामी न करता दुरुस्ती करता येईल असा, असे मत अभियंत्याने दिले. प्रत्येक बिऱ्हाडामागे सव्वा लाखाचा खर्च निघाला. सभेत आवाज चढले. तिसऱ्या मजल्यावर निवृत्तिवेतनावर एकटी राहणारी एक विधवा रडू लागली. तेव्हा गुरुजी म्हणाले, "माझा वाटा मी विक्रीच्या पैशांतून नाही, आत्ताच देतो. बाईंचा वाटा हप्त्यांनी घ्यावा." हे त्या मुलीने आम्हांला सांगितले तेव्हा आम्हांला आमच्या वाडीतले, आधी शाकारले जाणारे ते घर आठवले.

घराची किंमत थोडी कमी ठरली. इसाराची मुदत वाढवून घेतली. फेब्रुवारी ते मे दुरुस्ती चालली. खांबांचे सडलेले काँक्रीट फोडले, सळया घासल्या, जेथे झिजल्या होत्या तेथे नव्या जोडल्या, गच्चीचे जलरोधन झाले, वरच्या मोरीचा नळ बदलला. आमचे अभियंता मित्र म्हणाले, "आता एक पावसाळा जाऊ द्या. मग बघू." त्या दांपत्याला पाचव्यांदा भाड्याचा करार करावा लागला. गुरुजींच्या पत्नीने आणखी चार महिने जिन्याची शिक्षा भोगली. सात दिवस घर बंद ठेवण्याची ती जुनी आज्ञा या लोकांनी आपापल्या परीने पाळली.

पावसाळा गेला. कालनिर्णयाच्या जागी भिंत कोरडी राहिली. ऑक्टोबरात करारनाम्याची नोंदणी झाली. घर तिच्या एकटीच्या नावे घेतले; २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे एक कारण आणि वही भरून प्रश्न तिने विचारले होते, हे दुसरे. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत विकत घेतले तेव्हा साक्षीदार बोलावून खरेदीखताच्या दोन प्रती केल्या आणि त्या टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवविल्या. या मुलीने कागदांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे ठेवल्या आहेत.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही घराचा आशीर्वाद केला. दोन्ही खोल्यांत पवित्र पाणी शिंपडले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तळहात ठेवून पाहिला. मग सचिवांना विचारून जिना उतरलो आणि खालच्या खांबांपाशी उभे राहून प्रार्थना म्हटली. सर्व मजल्यांवरची दारे उघडली होती. सोळांपैकी पंधरा कुटुंबे आपल्या धर्माची नव्हती. पण कोणी हात जोडले, कोणी मुलांना पुढे केले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कठड्याला धरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "माझ्याही दाराशी थोडं पाणी टाका, फादर." आम्ही पुन्हा वर चढलो.

ती मुलगी आता संस्थेच्या समितीवर आहे. रात्रपाळी नसेल तेव्हा दुरुस्ती निधी गोळा करीत दारोदार फिरते, आणि मानीव अभिहस्तांतरणाचे कागद तिने सोळांपैकी तेरा घरांतून जमा केले आहेत. निधीसाठी प्रथम तिच्या नावे थोडी कुरकुर झाली, असे कानावर आले. मात्र गेल्या मे महिन्यात गच्ची झाडावयास सहा घरांतील माणसे आली होती.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी या वर्षीही पेढे वाटले जातील. आम्हांला अवश्य बोलवा. मात्र आम्ही आलो, की आधी जिन्याखाली जाऊ आणि मग भिंतीवरचे एखादे कॅलेंडर किंवा तसबीर उचलून पाहू. त्याचा राग मानू नये. बदलापूरच्या त्या माउलीला आम्ही तसे वचन दिले आहे.